बंद खात्यावर आलेले देणे

मालवण तालुक्यातील एका वाचकाचे सविस्तर पत्र आले आहे. नाव, गाव आणि बँक यांचा उल्लेख नको, अशी त्यांची इच्छा असल्याने आशय तेवढा देत आहे.

वाचक ६१ वर्षांचे आहेत. मुंबईतील खासगी कंपनीतून निवृत्त होऊन ते पत्नीसह गावच्या घरी राहायला आले. त्यांचे पगाराचे खाते मुंबईच्या उपनगरातील एका शाखेत होते. यंदा २८ मार्चला त्यांनी त्या शाखेत जाऊन खाते बंद करण्याचा अर्ज दिला, शिल्लक ४१,३०० रुपये गावाजवळच्या दुसऱ्या बँकेत वळवले आणि ते परतले. ‘कार्ड घरी गेल्यावर कापून टाका,’ असे काउंटरवरून सांगितले गेले होते. ते राहून गेले. कार्ड कपाटाच्या खणात पडून राहिले आणि त्याच्या पाकिटात पिन लिहिलेली चिठ्ठीही राहिली. जुन्या मोबाइल क्रमांकाला वाडीत रेंज मिळत नसल्याने त्यांनी त्याचे रिचार्ज करणे सोडून दिले. दिवाळीच्या तोंडावर मुंबईच्या जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत बँकेचे पत्र आले. सप्टेंबरमध्ये दोन दिवसांत परदेशी संकेतस्थळांवर सात व्यवहार होऊन २३,८६० रुपये खर्च झाले आहेत, किमान शिल्लक न राखल्याचा दंड व त्यावरील जीएसटी मिळून आणखी २,१२४ रुपये लागले आहेत, एकूण २५,९८४ रुपये भरावेत, असा त्याचा मजकूर. वाचकांनी त्याच दिवशी बँकेच्या हेल्पलाइनला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी कुडाळची शाखा गाठली. ‘खाते बंद आहे, त्यामुळे तक्रार सिस्टिममध्ये घेता येत नाही,’ असे उत्तर मिळाले. आता वसुलीचे फोन येतात. पंधरा हजारांत मिटवू, असेही सुचवले गेले आहे. मेहुणे म्हणतात, भरून मोकळे व्हा. मुलगा म्हणतो, पोलिसांत जा. पत्नीला गणपतीत आलेल्या भाच्याचा संशय आहे. शिवाय घराला लागून दोन खोल्या बांधून पर्यटकांसाठी निवास-न्याहारीची सोय करण्याचा त्यांचा बेत आहे, त्यासाठी कर्ज काढायचे आहे आणि या प्रकरणाने ते अडेल, ही धास्ती आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात ‘चूक माझीच’ हे शब्द चार वेळा आले आहेत. मी बँकेत ३१ वर्षे नोकरी केली आणि त्यांतली बरीचशी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून काढली. तेव्हापासून पाहते आहे की, फसवला गेलेला माणूस शाखेत येऊन आधी स्वतःचा गुन्हा कबूल करतो आणि मग चाचरत प्रश्न विचारतो. समोरच्या कर्मचाऱ्याला ते सोयीचेच असते. तुम्ही कार्ड कापले नाही, ही हयगय झाली, हे मी नाकारत नाही. पण त्या हयगयीचा या सात व्यवहारांशी काय संबंध आहे, हे अजून कोणीही तपासलेले नाही, आणि तपासण्याआधी कबुली देण्याचे काही कारण नाही.

सगळ्यात आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. तुमचे खाते खरोखर बंद झाले होते का? तुम्ही, तुमचे मेहुणे, कुडाळची शाखा, सगळेच ते बंद झाले होते असे धरून चालले आहेत. बँकेत खाते बंद करण्याचा अर्ज देणे ही एक गोष्ट असते आणि खाते बंद होणे ही दुसरी. अर्जावर एक कर्मचारी नोंद करतो आणि दुसऱ्या अधिकाऱ्याने ती संगणकावर मंजूर करायची असते. एखादे शुल्क बाकी असले, एखादा हप्ता आपोआप वळता होण्याची सूचना खात्याला जोडलेली असली, तर ती मंजुरी अडते. त्यात तुम्ही गेलात २८ मार्चला. मार्च एंडिंगच्या त्या आठवड्यात खातेबंदीचे अर्ज रबरबँड लावून ट्रेमध्ये पडलेले असतात आणि ट्रेवर दुसरे कागद चढत जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. खोटे कशाला बोलू, असा एक ट्रे काही वर्षे माझ्याही टेबलावर होता. तुमचे ४१,३०० रुपये त्याच दिवशी वळते झाले, म्हणून तुम्हाला काम झाल्यासारखे वाटले. पण शून्य शिल्लक असलेले, अजून सुरू असलेले खाते आणि बंद खाते बाहेरून सारखेच दिसते.

तुमच्या बाबतीत असेच घडले असावे, असे मानायला बँकेच्या त्या पत्रातच आधार आहे. पत्राची छायाप्रत तुम्ही पाठवली, हे बरे केले. त्यात किमान शिल्लक न राखल्याचा दंड लावलेला आहे. पगार जमा व्हायचा थांबला की पगाराचे खाते साध्या बचत खात्यात बदलते आणि किमान शिल्लकीची अट लागू होते, हे खरे. पण बंद खात्यावर किमान शिल्लक न राखल्याचा दंड कोणती बँक लावते? म्हणजे दंड आकारताना खाते चालू आणि तक्रार घेताना तेच खाते बंद, अशी ही गंमत आहे. बँकेने यांपैकी एक काहीतरी निवडावे आणि ते लेखी द्यावे, एवढाच आग्रह तुम्ही धरायचा आहे. शिवाय किमान शिल्लक नाही या कारणाने दंड लावून बचत खाते उणे करता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये बजावले असून ते १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. तेव्हा चोरी कोणी केली हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी हे २,१२४ रुपये तुमच्याकडून मागणेच मुळात वादग्रस्त आहे.

आता व्यवहारांकडे येते. तुम्ही विचारले आहे की, खात्यात दमडी नसताना आणि ओटीपी आला नसताना पैसे गेले कसे. ओटीपीचे कारण साधे आहे. आपल्याकडच्या संकेतस्थळांना ओटीपीसारखी दुसरी खातरजमा सक्तीची आहे. परदेशी व्यापाऱ्यांवर ती सक्ती नसल्याने कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर व्यवहार होऊ शकतो. मात्र याच कारणाने रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये कार्डांसाठी नियम केले, जे त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून अमलात आले. नवे कार्ड फक्त देशातील एटीएमवर आणि दुकानातील यंत्रावर चालावे, परदेशी व ऑनलाइन वापर ग्राहकाने स्वतः चालू करावा, आणि जुन्या कार्डावर असा वापर कधीच झाला नसेल तर ती सोय बंद करावी, असा त्यांचा आशय आहे. तुम्ही लिहिता की, हे कार्ड तुम्ही एटीएमपलीकडे फारसे वापरले नाही आणि परदेशी व्यवहार तर कधीच केला नाही. मग परदेशी वापर कोणी, कोणत्या तारखेला आणि कोणत्या मार्गाने चालू केला, याची नोंद बँकेकडे असायला हवी. ती मागा. शिल्लक नसताना व्यवहार मंजूर का झाला, याचेही उत्तर बँकेनेच द्यायचे आहे. बचत खात्याला सहसा ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिल्लकीपेक्षा जास्त खर्च करण्याची सोय नसते, तुम्ही ती मागितलीही नव्हती. कधी बँकेची यंत्रणा उत्तर देत नाही आणि कार्डाचे जाळे (व्हिसा, रुपे यांसारखे) तिच्या वतीने व्यवहार मंजूर करून टाकते. कधी व्यापारी रक्कम उशिरा सादर करतो. कारण यांपैकी कोणतेही असो, तो निर्णय बँकेच्या बाजूच्या यंत्रणेने घेतलेला आहे.

चिठ्ठीवरच्या पिनने तुमची झोप उडाली आहे. ऑनलाइन परदेशी व्यवहारात पिन लागत नाही. सातही व्यवहार तशाच प्रकारचे असतील, तर त्या चिठ्ठीचा इथे काही संबंध नाही. मात्र त्यांतला एखादा एटीएमवरचा किंवा दुकानातल्या यंत्रावर पिन टाकून झालेला निघाला, तर प्रश्न वेगळा होईल आणि तेव्हा चिठ्ठीबद्दल कोणी विचारले, तर खरे तेच सांगा. म्हणून व्यवहारांचा तपशील हाती येईपर्यंत तर्क लढवू नयेत, असे मला वाटते. जुन्या मोबाइल क्रमांकाची तारीख मात्र आत्ताच शोधून ठेवा. ९० दिवस वापर नसेल, तर क्रमांक बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो. तुमचे संदेश सप्टेंबरमध्ये कोणाच्या फोनवर जात होते, हे या प्रकरणात महत्त्वाचे ठरू शकते. ज्या वाचकांनी गावी येऊन क्रमांक बदलला आहे, त्यांनी जुन्या खात्यांना जोडलेला क्रमांक याच आठवड्यात बदलून घ्यावा. आपल्याकडे डोंगराआडच्या वाडीत एका कंपनीची रेंज येते आणि दुसरीची येत नाही, म्हणून क्रमांक बदलणारे पुष्कळ आहेत आणि बँकेची आठवण त्यांतल्या थोड्यांनाच होते.

जबाबदारी कोणाची, याबद्दल रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तत्त्वे घालून दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती सहकारी बँकांनाही लागू केली. दोष बँकेचा असेल, तर ग्राहकाने कळवले असो वा नसो, त्याच्यावर काहीच पडत नाही. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तिसऱ्याच कोणाचा असेल, तर बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्यावरही काही पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवले, तर साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंतची मर्यादा आहे, आणि त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने, म्हणजे पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला सांगितल्याने नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे, हे त्यात स्पष्ट आहे. तेव्हा ‘तुम्हीच वापरले नाही कशावरून?’ असे विचारणाऱ्या अधिकाऱ्याला शांतपणे सांगा की, ते दाखवणे बँकेकडे आहे.

तुम्ही पत्र मिळाल्या दिवशी हेल्पलाइनला फोन केलात, ही तुमची सर्वांत भक्कम बाजू आहे आणि तुम्ही ती पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकली आहे. मोबाइल कंपनीकडून त्या महिन्याच्या कॉलचा तपशील मागवा. त्यात हेल्पलाइनचा क्रमांक, तारीख आणि किती मिनिटे बोललात ते छापून येईल. बँकेचे ते पत्र ज्या लिफाफ्यातून आले, तो टाकला नसेल तर जपा; त्यावरच्या टपाल शिक्क्यावरून पत्र तुमच्या हाती कधी पडले ते दाखवता येते. बँक म्हणू शकेल की, आम्ही सप्टेंबरमध्येच जुन्या क्रमांकावर संदेश पाठवले होते. यावर तुमचे म्हणणे असे की, खाते बंद करण्याचा अर्ज दिल्यानंतर त्याला जोडलेला क्रमांक सांभाळण्याची अपेक्षा ग्राहकाकडून कशी धरता येईल? हा मुद्दा निर्विवाद आहे असे मी म्हणणार नाही, पण तो वजनदार आहे.

शाखेत जाऊन साहेबांशी बोलणे म्हणजे तक्रार नव्हे. तुम्ही तीन वेळा कुडाळला एसटीने गेलात आणि तीनही वेळा हात हलवत परत आलात, याचे कारण तुमच्याकडे एकही कागद नव्हता. आता अर्ज लिहा. भाषा सरळ ठेवा: ‘मी दिनांक २८ मार्च रोजी आपल्या अमुक शाखेत माझे बचत खाते बंद करण्याचा अर्ज दिला व शिल्लक वळती केली. त्यानंतर या खात्यावर मी कोणताही व्यवहार केलेला नाही. आपल्या पत्रातील सात व्यवहार माझे नाहीत व ते मला मान्य नाहीत. खातेबंदीच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, खाते कोणत्या तारखेला बंद झाले, कार्ड कोणत्या तारखेला बंद केले, परदेशी वापर कधी व कसा चालू झाला, प्रत्येक व्यवहार कोणत्या व्यापाऱ्याकडे, किती वाजता व कोणत्या पद्धतीने झाला, हे लेखी कळवावे. या व्यवहारांची तक्रार मी अमुक तारखेला हेल्पलाइनवर दिली आहे. सदर रक्कम व शुल्क उलट जमा करून वसुली थांबवावी.’ सोबत दुसऱ्या बँकेच्या पासबुकाचे ४१,३०० रुपये जमा झालेले पान जोडा. तुमच्याकडे अर्जाची पोच नाही, पण त्या दिवशी तुम्ही खाते रिकामे केलेत हे त्या पानावरून दिसते.

अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख व सही घ्या. ‘होम ब्रँचला जा’ असे कुडाळला म्हणाले, तर वाद घालत बसू नका. तोच अर्ज मुंबईच्या शाखेला आणि बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा पोस्टात जुन्या नावाने विचारून गोंधळू नका. बँकेच्या संकेतस्थळावरही तक्रार टाकून तिचा क्रमांक घ्या. हे पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. कार्डाच्या जाळ्यामार्फत व्यापाऱ्याकडून रक्कम परत मागण्याला मुदत असते, बहुतेक प्रकारांत ती १२० दिवसांच्या आसपास असते, आणि तुमचे व्यवहार सप्टेंबरचे आहेत. ती मुदत बँकेच्या टोलवाटोलवीत हुकली, तर त्याचा भुर्दंड तुमच्यावर का, हा प्रश्न पुढे विचारता येईलच. पण हुकू न दिलेली बरी.

२०१७ च्या त्याच नियमांनुसार ग्राहकाने कळवल्यापासून बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत वादातील रक्कम खात्यावर तात्पुरती जमा दाखवायची असते आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. तीस दिवसांत उत्तरच आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ‘सीएमएस’ या तक्रारींच्या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो आणि चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे, जिथे मराठीतही बोलता येते. मुलाला अर्ज भरायला सांगा, पण मजकूर तुमचा असू द्या. एक जाता जाता: हा मार्ग बँकांसाठी आहे. आपल्याकडे गावोगावी असलेल्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यांच्याविरुद्धची तक्रार उपनिबंधकांकडे न्यावी लागते.

मुलाचे म्हणणेही बरोबर आहे. १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर नोंद करा आणि पोच बँकेच्या अर्जाला जोडा. फसवणूक झाल्या झाल्या फोन केला तर वाटेतले पैसे गोठवता येतात. तुमच्या बाबतीत ती वेळ केव्हाच निघून गेली, म्हणून तिथून पैसे परत येतील अशी आशा धरू नका. तुम्हाला ती नोंद पुरावा म्हणून हवी आहे. खाते मुंबईचे म्हणून पोलीस ठाण्यात मुंबईला जायला सांगितले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, हे नम्रपणे लक्षात आणून द्या.

मेहुण्यांच्या सल्ल्यामागे व्यवहारज्ञान आहे, हे मी मान्य करते. पंचवीस हजारांसाठी वर्षभर पत्रव्यवहार कोणाला हवा? तुमच्या जागी आणखी कोणी असता आणि त्याने मनःशांतीसाठी पैसे भरले असते, तर मी त्याला हसले नसते. पण तुम्ही भरलेत तर हे व्यवहार मान्य केल्यासारखे होईल आणि नंतर तक्रारीत दम राहणार नाही. पंधरा हजारांची तडजोड तर त्याहून वाईट, कारण कर्जफेडीचा इतिहास दाखवणाऱ्या क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’, म्हणजे तडजोडीने मिटवले, असा शेरा लागला, तर पुढची बँक तो पूर्ण फेडीपेक्षा कमी दर्जाचा मानते. शिवाय फोन करणारा खरोखर बँकेचाच आहे, हे तुम्ही कशावरून धरले? फुटलेली माहिती हाती असलेला दुसरा भामटाही असेच बोलेल. फोनवर आलेल्या लिंकवर किंवा क्यूआर कोडवर एक रुपयाही भरू नका. नाव, संस्थेचे नाव आणि बँकेचे अधिकारपत्र लेखी मागा. कर्जवसुलीचे फोनही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि तुम्ही तर कर्जदारही नाही.

खोल्यांच्या कर्जाची धास्ती मात्र आत्ता, घरबसल्या तपासून पाहता येईल. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. चारही अहवाल काढा. हे देणे त्यांत नसेल, तर घाईने भरण्याचे मोठे कारणच नाहीसे होते. असेल, तर ती नोंद चुकीची असल्याची तक्रार त्या कंपनीकडे आणि बँकेकडे करा. ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद २०२४ पासून आहे. ज्या बँकेकडे कर्ज मागणार आहात, तिला मात्र हे प्रकरण तक्रारीच्या प्रतीसह तुम्हीच आधी सांगा. आणि कर्ज अगदी याच कारणाने अडले, पावसाळ्याआधी बांधकाम उरकायचे असेल, तर शेवटचा उपाय म्हणून ‘हक्क राखून, तक्रार कायम ठेवून भरत आहे’ असे लेखी देऊन, बँकेच्या शाखेतच आणि पावती घेऊन रक्कम भरता येईल. ते पहिले पाऊल नसावे.

कार्ड आता कापू नका. एवढे दिवस ते राहिले, तर तक्रार मिटेपर्यंत राहू द्या. ते तुमच्याच ताब्यात होते, हे दाखवायला उपयोगी पडेल. पिनची चिठ्ठी त्याच्याजवळ ठेवू नका. पुढे खाते बंद होईल, तेव्हा बंद झाल्याचे पत्र आणि शून्य शिल्लकीचा अखेरचा खातेउतारा हातात घ्या, कार्ड बंद केल्याची वेगळी पोच घ्या आणि मग चिपमधून कात्री चालवा.

राहिला भाचा. तुमच्या पत्नीने तारखा जुळवल्या आहेत; गणपती, त्याचे येणे, आणि पंधरवड्यात झालेले व्यवहार. पण कार्डाचे आकडे चोरायला कोणी कपाटाचा खण उघडावा लागत नाही. ज्या यंत्रावर किंवा संकेतस्थळावर ते कधी वापरले गेले, तिथून ते वर्षांपूर्वीच फुटलेले असू शकतात. बहिणीच्या मुलावर असा आळ घेतला आणि तो खोटा निघाला, तर २५,९८४ रुपये परत मिळूनही ते घर परत मिळणार नाही. आणि समजा, तपशिलातून त्याच्याकडेच बोट गेले, तर मात्र ‘अनोळखी इसम’ असे लिहून बँकेची वा पोलिसांची दिशाभूल करू नका. तेव्हा आधी बहिणीशी बोला आणि मग तक्रारीचे काय करायचे ते ठरवा. तोवर या विषयावर घरात फोन फिरवू नयेत, एवढे पत्नीला माझ्या वतीने सांगा. शिमग्याला तो पालखीसाठी येईलच. व्यापाऱ्यांची नावे आणि वेळा तोपर्यंत तुमच्या हाती आलेल्या असतील.